चौकट एकाची, बसणारे पाच

4 एप्रिल 2025 रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. सकाळी मजुरीला निघालेल्या बायका होत्या त्या. वारसांना सरकारी मदत जाहीर झाली. कठडा नसलेल्या विहिरी मात्र गावोगाव तशाच उघड्या आहेत.

नांदेड लांब आहे असं पारनेरकरांनी समजू नये. आपला तालुका पठाराचा, उतारांचा, ओढ्यांचा. कान्हूर पठारावरून खाली उतरा नाहीतर निघोजच्या बाजूने कुकडीकडे जा, शेताची वाट कुठे ना कुठे विहिरीला नाहीतर ओढ्याला खेटून जातेच. राळेगणसिद्धीने 1975 नंतर पाणी अडवून दाखवलं आणि तालुक्यात बांध, पाझर तलाव, शेततळी उभी राहिली. त्या कामावर माणसं जगली. पण प्रत्येक बांधाला, प्रत्येक तळ्याला कड असते, आणि त्या कडेवरून आता बैल नाही, दोन टनांचा ट्रॅक्टर जातो.

ट्रॅक्टरची घडणच उलटण्याजोगी आहे. पोट जमिनीपासून उंच, वजन वरच्या अंगाला, जोर सगळा मागच्या चाकांत. ती चाकं चिखलात रुतली आणि क्लच झटक्यात सोडला की चाकं फिरत नाहीत, मग ट्रॅक्टरच ॲक्सलभोवती फिरतो. तोंड वर उचलतं. पाऊण सेकंदात वेळ हातातून जाते, दीड सेकंदात चालक खाली आणि ट्रॅक्टर वर. साखळी खालच्या हुकाला न लावता वर टॉप लिंकला बांधली तर हे हमखास घडतं. कांद्याने भरलेली ट्रॉली रुतली की घाईत कितीतरी जण नेमकं तेच करतात.

यावरचा इलाज जगाला कधीचा ठाऊक आहे. सीटमागे पोलादाची मजबूत चौकट, म्हणजे ‘रोप्स’, आणि सोबत सीटबेल्ट. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली. पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून मरणं जवळपास थांबलं. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यापासून नवे ट्रॅक्टर चौकट घेऊनच येऊ लागले. आपल्या महिंद्राचे ट्रॅक्टरही तिथे चौकट आणि पट्ट्यासकट विकले जातात. इथे आपल्या शिवारात मात्र बहुतेक ट्रॅक्टरवर ती दिसत नाही. आयोवातल्या शेतकऱ्याचा जीव महाग आणि कान्हूरच्या शेतकऱ्याचा स्वस्त, हे मान्य करायला मी तयार नाही.

पैशाचं कारण कुणी सांगू नये. ट्रॅक्टरखरेदीला महाडीबीटीवरून सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळतं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. मूळ किंमत सहा लाख धरली तर 42 हजार रुपये वाचले. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. मेल्यावर दोन लाख देणाऱ्या सरकारने जिवंतपणी अनुदान देतानाच चौकटीची अट घालावी. ‘चौकट नाही तर अनुदान नाही’ एवढं एक वाक्य शासन निर्णयात यायला हवं.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच जोराने सांगायला हवी. चौकट म्हणजे ताईत नव्हे. ती फक्त एकाला वाचवते: सीटवर बसलेल्या, पट्टा बांधलेल्या चालकाला. अमेरिकेतल्या शेतीसुरक्षेच्या अभ्यासकांचा हिशेब असा, की चौकट आणि पट्टा दोन्ही असतील तर उलटल्यावर वाचण्याची शक्यता 99 टक्के, पट्टा नसेल तर साधारण 70. पट्टा नसला की माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच चौकटीखाली सापडतो. उलट, ट्रॅक्टरला चौकटच नसेल किंवा डाळिंबाच्या बागेत शिरताना ती दुमडली असेल, तर पट्टा बांधू नये. तो माणसाला ट्रॅक्टरखाली जखडून ठेवतो. बागेतून बाहेर आलात की चौकट उभी करा, पट्टा लावा.

गावात वेल्डिंग करून घेतलेली पाइपची छत्री सावलीपुरती आहे, ट्रॅक्टरचं वजन ती पेलणार नाही. एकदा उलटून वाकलेली चौकट ठोकून सरळ करू नका, बदला. आणि ट्रॅक्टर विहिरीत किंवा शेततळ्यात गेला तर चौकट चेंगरण्यापासून वाचवेल, बुडण्यापासून नाही.

मडगार्डवर बसलेल्याला चौकट काहीच देत नाही. शाळेतून येताना बापाशेजारी मडगार्डवर बसलेलं पोर, नांगरट बघायला चढलेला भाऊ, ट्रॉलीतल्या बायका, हे सगळे चौकटीबाहेरचे. आलेगावला गेलेल्या सात जणींना जगातली कुठलीही चौकट वाचवू शकली नसती. ट्रॉली मालासाठी आहे, माणसं वाहणं कायद्यातही बसत नाही. पण त्या बायका हौसेने ट्रॉलीत चढत नाहीत. शिवारापर्यंत एसटी जात नाही आणि जीपचं भाडं मजुरीतून परवडत नाही. ज्याच्या शेतात काम आहे, त्यानेच जीपचे पैसे द्यायला हवेत. खुरपणीच्या खर्चात तेवढी रक्कम धरा.

चौकटीला न जमणारी कामं आपल्याला जमण्यासारखी आहेत. चर किंवा ओढा जितका खोल, निदान तितकं अंतर कडेपासून सोडून ट्रॅक्टर चालवायचा. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. लहान गिअर वरच टाकायचा, खाली आल्यावर नाही. रस्त्याला लागताना दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घ्यायचे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन वळतो. साखळी नेहमी खालच्या हुकाला.

उरलेलं काम ग्रामसभेचं. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ठरवून पाळणारी माणसं याच तालुक्यातली. त्यांना मडगार्डबंदी जड जाऊ नये. येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा: गावात ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कुणी बसणार नाही, आणि वाटेला लागून असलेल्या प्रत्येक विहिरीला कठडा बांधला जाईल. चौकटीच्या सक्तीसाठी सरकारशी भांडू, वर्षं लागली तरी भांडू. मडगार्डवरच्या पोराला खाली उतरवायला मात्र कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.