अ‍ॅपसाहेबांस एका खानावळवाल्याचे अनावृत पत्र

मेहेरबान अ‍ॅपसाहेब,
मुक्काम पोस्ट : ज्याच्या-त्याच्या खिशात.

स. न. वि. वि.

आपला प्रतिनिधी आमच्या खानावळीत येऊन गेल्यापासून मी स्वतःला खानावळवाला म्हणवून घेणं बंद केलं आहे. त्याने मला ‘रेस्टॉरंट पार्टनर’ म्हटलं. कोल्हापुरात आमचं घर दोन पिढ्या मटणाचं ताट वाढतंय, पण भागीदार कुणी मिळाला नव्हता. ऐन गर्दीत सिलिंडर संपायचा, भांड्याची बाई दांडी मारायची, मटणाचा भाव चढायचा, तेव्हा आम्ही एकटेच असायचो. आताही एकटेच असतो. पण आठवड्याचा हिशेब आला की भागीदार असल्याची जाणीव लगेच होते.

नोंदणी म्हणे सोपी होती. पॅन कार्ड दिलं, रद्द केलेला चेक दिला, अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर दिला. अडलं ते मेन्यूकार्डापाशी. आमच्याकडे मेन्यूकार्ड नाही. भिंतीवर फळा आहे आणि त्यावर चार ओळी : मटण ताट, चिकन ताट, अंडाकरी ताट, शाकाहारी (आधी सांगितल्यास). आपल्या पोराने तो फळा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “काका, रस्सा किती मिली?”

साहेब, इथे मी जरा थांबतो, कारण आमचा सगळा धंदा या प्रश्नात अडकून पडला आहे. तांबडा-पांढरा रस्सा ताटाबरोबर येतो आणि जेवणाऱ्याचा हात वाटीवर आडवा होईपर्यंत येतच राहतो. कुणी एक वाटी पितो, कुणी सहा. त्याचे वेगळे पैसे नाहीत. वडील पंगतीतून बादली घेऊन फिरायचे आणि ज्याची वाटी रिकामी दिसेल त्याच्यावर खेकसायचे, “लाजतोस काय?” आपल्या फॉर्मात यासाठी रकाना नव्हता. वजनाला रकाना होता, कॅलरीला होता, ‘शेफ स्पेशल’ला होता. शेवटी तडजोड झाली : तांबडा 200 मिली, पांढरा 200 मिली, आणि ‘जादा रस्सा’ रुपये 40. वडील असते तर त्यांनी मला ओट्यावरून खाली ओढला असता. आमचा जुना पैलवान गिऱ्हाईक तालमीतून मोबाइल नाचवतच आला. “काय रं, रस्सा इकायला लागलास व्हय?” मी त्याला म्हटलं, हा मी नव्हे, माझा पार्टनर.

पांढऱ्या रश्श्याला आपण ‘सूप’ या सदराखाली बसवलंत. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. हे घरी जमवायला निम्मी सकाळ जाते. आता तो टोमॅटो सूप आणि स्वीट कॉर्नच्या मध्ये बसलेला असतो. फोटो काढायला आलेल्या गृहस्थांना तो फारच पांढरा वाटला. त्यांनी वर कोथिंबीर टाकली. आमच्या आक्का ते बघून आत निघून गेल्या आणि फोटोवाला जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मग तो रस्सा डब्यात भरणं आलं. गरम तवंगाला प्लॅस्टिकचं झाकण मानवत नाही. ते फुगतं, एका बाजूने उचकटतं आणि रंकाळ्याच्या वळणावर खड्डा लागला की पिशवीत पूर येतो. गिऱ्हाईक फोटो काढून पाठवतं, आपण उदार मनाने पैसे परत करता आणि ते माझ्या खात्यातून वळते करून घेता. खड्डा महापालिकेचा, झाकण कारखान्याचं, औदार्य आपलं, पैसे माझे.

आता हिशेबाचं बोलू, कारण लोक आपल्याबद्दल उगाच गैरसमज पसरवतात. ताट 300 रुपयांचं. नव्या गिऱ्हाइकाच्या स्वागताला 20 टक्के सूट द्या, असं आपण सुचवलंत. स्वागत आपल्या दारात, खर्च माझ्या. राहिले 240. त्यावर आपलं 25 टक्के कमिशन 60 रुपये. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10 रुपये 80 पैसे, आणि त्याची वजावट आम्हाला मिळत नाही. डबे-पिशवी 20 रुपये. हातात आले 149 रुपये 20 पैसे. त्यातून मटण, मसाला, गॅस, पगार आणि भाडं भागवायचं. तिकडे जेवणाऱ्याच्या बिलात पोहोचवणावळ, कर आणि प्लॅटफॉर्म फी चढलेली. ही फी 2023 साली दोन रुपयांपासून सुरू झाली आणि पुढे दोन आकड्यांत गेली. त्याला वाटतं मी महाग झालो, मला वाटतं तो चिकट झाला, आणि आम्ही दोघं एकमेकांवर रुसलेलो असताना आपण दोघांनाही ‘ऑर्डरबद्दल धन्यवाद’ पाठवता.

हेच कोल्हापूर 2019 च्या अखेरीला मटणाच्या दरावरून रस्त्यावर उतरलं होतं. किलोच्या भावासाठी बैठका झाल्या, समित्या बसल्या, दुकानं बंद राहिली. आपल्या फीसाठी अजून साधी कोपरा सभाही झालेली नाही. यश म्हणतात ते हे.

कराची गंमत तर वेगळीच. आमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आतली, म्हणून बाकावर बसून जेवणाऱ्याला जीएसटी लागत नाही. पण 1 जानेवारी 2022 पासून अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणाचा 5 टक्के कर अ‍ॅपनेच गोळा करून भरायचा, असा नियम आहे, मग हॉटेल कितीका लहान असेना. म्हणजे एकच ताट बाकावर करमुक्त आणि मोटारसायकलवर बसलं की करपात्र. यात आपला दोष काही नाही. मी फक्त कौतुक करतोय.

सोमवारी आम्ही बंद असतो. इथे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपल्याला मात्र दर सोमवारी काळजी लागते : ‘आपण ऑफलाइन आहात, कमाई गमावत आहात!’ श्रावणात तर आपण मटण ताटावर एकावर एक मोफत देण्याची योजना सुचवलीत. ती वाचून आक्कांनी कानाला हात लावले.

पण साहेब, खरं दुखणं पैशाचं नाही. गिऱ्हाईक आपण लपवता. पोस्टातल्या काकांना नळी लागते, वकीलसाहेबांना चरबी चालत नाही, पैलवानाला आधी वाटीभर अळणी द्यावं लागतं आणि ताटाचं नंतर बघावं लागतं. हे ठाऊक असणं म्हणजेच खानावळ चालवणं. बाकी मसाला कुणीही वाटेल. आपल्या टॅबवर मला दिसतो ऑर्डरचा नंबर आणि एक अर्धवट नाव. फोन लावला तर तो भलत्याच नंबरावरून फिरून जातो. मागच्या गल्लीतले वकीलसाहेब बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून मी घरी चौकशीला गेलो, तर ते टीव्हीसमोर आमचंच ताट खात बसलेले! सूट मिळते म्हणून पन्नास पावलांवरून अ‍ॅपवर मागवत होते, आणि मी त्यांना न चुकता चरबी पाठवत होतो. त्यांनी मला दोन तारे दिले होते. त्याच दिवशी परगावच्या कुणीतरी तांबड्या रश्श्याला एकच तारा दिला होता. कारण : ‘फार तिखट.’

हॉटेलवाल्यांनी सवलतींच्या योजनांना कंटाळून ऑगस्ट 2019 मध्ये देशभर ‘लॉगआऊट’ची मोहीम काढली होती. पुढे एप्रिल 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने आपल्या क्षेत्रातल्या दोन बड्या कंपन्यांची चौकशी लावली. हॉटेलवाल्याने दुसरीकडे स्वस्त विकू नये, ही अट त्या चौकशीतला एक मुद्दा होता. मोठ्यांच्या या भांडणात माझ्यासारख्याने पडू नये. तरी एवढं विचारतो, की माझ्याच ओट्यावर मी ताट किती रुपयांना वाढावं यात पार्टनरने किती लक्ष घालावं?

एका गोष्टीसाठी मात्र उपरोध बाजूला ठेवून आभार मानतो. आपण पाठवता ती पोरं चांगली आहेत. पावसात थिजून येतात, ‘फूड रेडी’चं बटण दाबा म्हणून गयावया करतात, कारण उशिराचा हिशेब त्यांच्याही माथी असतो. आक्का त्यांच्या हातात पांढऱ्याची वाटी देतात. ती कुठल्या रकान्यात टाकायची हे आपण अजून विचारलेलं नाही. कृपा करून विचारू नये.

भागीदारी मी मोडत नाही. पावसाळ्यात बाकं रिकामी असतात आणि तेव्हा आपल्याच ऑर्डरींवर चूल पेटती राहते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मागणं एवढंच : सूट देताना मला विचारा, सांडलेल्या रश्श्याचा निम्मा भार तुम्ही उचला आणि जेवणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नाव-गाव मला कळू द्या.

कळावे, लोभ वाढावा. कमिशन वाढू नये.

आपला,
पार्टनर (25 टक्के वजा जाता)

ता. क. : हा मजकूर अ‍ॅपसाहेबांसाठी नाही, जेवणाऱ्यांसाठी आहे. आमचा फोन नंबर फळ्यावर खाली खडूने लिहिला आहे. तासभर आधी सांगितलंत तर ताट बांधून तयार ठेवू. येताना घरचा घट्ट झाकणाचा डबा आणा. रस्सा डबा भरेल तेवढा, वेगळे पैसे नाहीत. सोमवारी बंद.