तुलनेचा वाफा

कृष्णेच्या काठावर राहून वांगं न लावणारा माणूस सांगली भागात शोधून सापडायचा नाही. आमच्या कॉलनीत मात्र तो आहे. सगळे त्यांना बापू म्हणतात. "वांगं काय, कुणीबी लावतंय मर्दा," असं म्हणून बापू हात झटकतात, तेव्हा त्या झटकण्यात शेकडो वर्षांची वांग्याची परंपरा खाली पडते. जे पीक सगळ्यांना येतं ते बापूंच्या लेखी पीक नव्हे. बापूंना झुकिनी हवी, ब्रोकोली हवी, केल हवी. बाजारात कोथिंबीर कितीला जुडी आहे ते त्यांना ठाऊक नसतं. पण रोझमेरी कलमानं लवकर येते की बियांनी, हे रात्री अकरा वाजता विचारलंत तरी सांगतील. न विचारता साडेदहाला सांगतील.

बापूंची उभी हयात सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. तिथं म्हणे ते साध्या दुभत्या म्हशीच्या प्रकरणातसुद्धा दहा शंका काढायचे. निवृत्तीनंतर हा स्वभाव पार उलटला. मोबाइलवर कुणी टोपी घालून "नमस्कार शेतकरी मित्रांनो" म्हणाला, की त्याला बापूंकडून विनातारण मंजुरी.

बंगल्यामागं दीड गुंठा जागा आहे. माती काळीभोर, काठी खोचली तर पालवेल अशी. हीच बापूंची मुख्य तक्रार. "हितं काय टाकलं तरी येतंय. मग त्यात आपलं कर्तृत्व काय?" म्हणून एका वाफ्यातली ती सोन्यासारखी माती उपसून त्यांनी विकतचं कोकोपीट भरलं. उपसलेली माती शेजारच्या बाईंनी कुंड्यांसाठी नेली. त्यांच्या टोमॅटोंबद्दल बापू बोलत नाहीत.

या सगळ्याचं मूळ तसं थोर आहे. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक; त्यांच्या प्रयोग परिवारानं तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना स्वतः प्रयोग करायला, टिपणं ठेवायला आणि एकमेकांना कळवायला शिकवलं. बापू हे नाव घेताना कानाला हात लावतात. पण त्यांनी त्यातला प्रयोग तेवढा घेतला. परिवार बिचारा वहिनींच्या रूपानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिला.

जीवामृताच्या वेळी तर तो परिवार चांगलाच पोळला. सुभाष पाळेकरांची कृती खेड्यापाड्यांत लोकांना पाठ आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि मूठभर बांधावरची माती. हे एका एकराला. एकराचे गुंठे चाळीस. बापूंच्या जागेला सात-आठ लिटर पुष्कळ झालं असतं. पण प्रमाणात फेरफार केला तर तो प्रयोग कसला? अख्खं पिंप भरलं. डाळीचं पीठ दिवाळीच्या लाडवांचं होतं, हे वहिनींना भाजणीच्या दिवशी कळलं. उरलेलं जीवामृत बाटल्यांतून घरोघर पोचलं. त्या दिवाळीत आमच्या कॉलनीत फराळाची ताटं फिरली नाहीत. बाटल्या फिरल्या, आणि त्यांची बुचं कुणी घरात उघडली नाहीत.

मग थ्री-जी कटिंग आलं. वेलाचा शेंडा खुडायचा, बगलफुटी आल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त धरतात. कल्पना खोटी नाही. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलांचीच गर्दी असते, हे कुणीही बघून घ्यावं. पण तिसऱ्या पिढीनं एवढं मिळतं तर पाचवीनं किती मिळेल, असा हिशेब बापूंनी केला. चक्रवाढ व्याजात आयुष्य गेलेलं. आजा छाटला, बाप छाटला, नातू छाटला. पणतू जन्माला येईना. वैशाखाच्या अखेरीला मांडवावर वेल कमी आणि सुतळी जास्त दिसत होती.

पुढच्या हंगामात त्यांनी दुधीला एकदाच खुडलं आणि परागीभवनाचं काम निसर्गाकडून काढून घेतलं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे हे काम दिवेलागणीला. तोंडात टॉर्च, एका हातात नातीचा चित्रकलेचा ब्रश, दुसऱ्या हातात नर फूल. मादी फूल ओळखणं सोपं. देठाशी इवलासा दुधी आधीच धरलेला असतो. लग्न लागलेल्या फुलाला लाल दोरा आणि तारखेची चिठ्ठी. नव्यानं राहायला आलेल्या एका कुटुंबानं हे मांडवाखालचं प्रकरण, तोंडातला उजेड आणि लाल दोरे बघून दोन दिवस मुलांना अंगणात सोडलं नव्हतं.

हायड्रोपोनिक्सबद्दल फार लिहीत नाही. पाइप बसवायला आलेला प्लंबर दिवसभर एकच विचारत होता, "काका, पण ही लाइन जाती कुठं?" ती कुठंच जात नव्हती; फिरून टाकीत येत होती, आणि हे त्याला पटवता पटवता बापू घामाघूम झाले. लेट्यूस आलं मात्र झकास. एप्रिलच्या एका दुपारी वीज गेली, पंप थांबला आणि वीज येईपर्यंत पाइपातली सगळी मंडळी माना टाकून मोकळी झाली. त्यातून वाचलेली पानं उन्हाळ्यानं कडूजहर झाली होती. बापूंनी ती आम्हाला वाटली. "कडूच असती ही जात."

लाल भेंडीचा हंगाम तेवढा खरोखर यशस्वी झाला. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेचं काशी लालिमा नावाचं वाण. झाडावर भेंड्या अशा लालबुंद, की येणारा-जाणारा थांबायचा. बापूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. ताटात भेंडी हिरवीगार. शिजली की ही भेंडी लाली सोडते. वाणाचा काही दोष नाही. "लाल होती हो," असं बापू प्रत्येकाच्या पानाशी जाऊन सांगत होते, आणि प्रत्येक जण, चोरी पकडली न जावी अशा सुरात, "हो हो, होतीच की," म्हणत होता.

आता मुद्द्याचं. बापू शास्त्रोक्त माणूस असल्यामुळे दर हंगामात एक वाफा तुलनेसाठी राखतात. त्या वाफ्यात साधी गावरान भाजी. खत नाही, फवारा नाही, छाटणी नाही. पाणी पावसाचं आणि मोरीतून झिरपेल ते. वहीत त्याच्यापुढं लिहिलेलं असतं : "उपचार – काही नाही." आणि दर हंगामात हाच वाफा सगळ्यांच्या वरताण येतो. माझा जिना नेमका त्या बाजूला असल्यामुळे यामागचं शास्त्र मला ठाऊक आहे. बापू सकाळी फिरायला गेले, की वहिनी पदर खोचून येतात. तांदळाचं धुवण घालतात. तण उपटतात. मावा दिसला की राख भुरभुरतात. पानं पिवळी दिसली तर मूठभर शेणखत. सहाच्या सुमारास येतात, पावणेसातला घरात. त्या घरात गेली कित्येक वर्षं जी भाजी शिजते ती या एका वाफ्यातली.

बापूंच्या वह्यांतले निकाल मात्र निर्विवाद होते. जिथं काही केलं तिथं नुकसान. जिथं काही केलं नाही तिथं भरभराट. या निष्कर्षातून ते सरळ जपानला पोचले. मासानोबू फुकुओकांची शेती : नांगरट नाही, खत नाही, खुरपणी नाही, औषध नाही. मृगाच्या पहिल्या सरीला बापूंनी बियांचे मातीचे गोळे करून सगळ्या परसात फेकले आणि खुर्ची टाकून बसले. काहीही न करणं हे फार कष्टाचं काम असावं, कारण दुपारपर्यंत ते दमून जायचे. आणि आता तुलनेचा एक वाफा नव्हता. अख्खा दीड गुंठा "उपचार – काही नाही" झाला होता. वहिनी पहाटे पाचलाच दिसू लागल्या. श्रावणात त्यांना पाठीला पट्टा लागला. बापू काळजीनं म्हणाले, "तू घरात फार राबतीस. जरा बागेत येऊन बसत जा माझ्यासारखी."

त्या वर्षी पीक असं आलं, की कृषी खात्यातला बापूंचा एक जुना ओळखीचा माणूस बघायला आला. बापूंनी त्याला तासभर निष्क्रियतेचं तत्त्वज्ञान सांगितलं. वहिनी चहा घेऊन आल्या. नखांत माती होती. पाहुणा अनुभवी असावा. त्यानं एकदा नखांकडं बघितलं, एकदा बापूंकडं, आणि चहा फार चांगला झालाय म्हणाला.

सध्या केशर चालू आहे. बंगळुरूला असणाऱ्या मुलाच्या खोलीत एसी, पांपोरचे कंद आणि लाकडी ट्रे. एका फुलात तीन तंतू, एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं. विजेचं बिल बघून वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, की मसालेदूध केवढ्याला पडेल. गणपतीत आलेला मुलगा हॉलमध्ये झोपला. त्याचा एसी कंदांना होता. शास्त्रोक्त म्हणून एक ट्रे बापूंनी बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. त्याच्यावर चिठ्ठी आहे : "उपचार – काही नाही."

तुम्ही कधी आमच्याकडं आलात तर बाग जरूर बघा. बापू स्वतः दाखवतील, वही उघडून दाखवतील, निघताना बाटलीही देतील. ती घ्या, नाही म्हणू नका. धुवणाचं आणि राखेचं मात्र बोलू नका. मीही आजवर बोललेलो नाही. दर आठवड्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवर वहिनींची भाजीची पिशवी असते, आणि फुकुओकांच्या वर्षापासून त्यात कृष्णाकाठची वांगीही असतात.