पुरातला निबंध

सन 2000 पासून शासनाने पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा अंमल बसवल्यामुळे करवीरनगरीतील बालकांची त्या व्याकरणाशी गाठ दुधाचे दात पडण्यापूर्वीच पडते, आणि कर्तरीचे कर्मणी करण्यात ती पुढे इतकी तरबेज होतात की, ज्याचा सारा दफ्तरी खुलासा ‘कारवाई करण्यात येत आहे’ या कर्तृहीन वाक्यावर तरतो, अशा मुरब्बी कारकुनानेही त्यांची शागिर्दी पत्करावी. वर्णनात्मक निबंधाची तऱ्हा मात्र याहून न्यारी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकून व्हीनस कॉर्नरपर्यंत मुक्काम ठोकला. तरीही, ज्याचा संसार तेव्हा माळ्यावर चढला होता तोच विद्यार्थी पावसाळी दिवसाचे वर्णन करताना, शिकवणीतल्या तयार वहीबरहुकूम, मंद सरी, इंद्रधनुष्य आणि कागदी होड्या यांचीच बिनचूक आरास मांडतो, कारण खऱ्या होडीसाठी, किंवा गळ्याइतक्या पाण्यातून ओढून नेलेल्या म्हशीसाठी, त्या वहीत विशेषणांची तरतूदच नाही. परीक्षकही, ज्याच्या स्वतःच्या भिंतीवर पुराची रेघ अद्याप शाबूत आहे, संतुष्ट चित्ताने गुण बहाल करतो आणि एका गळालेल्या उपपदाखेरीज कशासही हरकत घेत नाही.