रूट कॉजवाले काका

पिंपरी-चिंचवडच्या स्पाइन रोडवर पहाटे कंपन्यांच्या बसची वाट बघत जी माणसं उभी असतात, त्यांत एक जात लगेच ओळखू येते. बाकीचे मोबाइल बघतात; हा आलेल्या बसच्या इंजिनाचा आवाज ऐकतो. पाठीवरच्या सॅकवर ‘झिरो ब्रेकडाउन’ छापलेलं, खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि चेहऱ्यावर अख्ख्या नोकरीचा साठलेला संशय. चाकणच्या कुठल्याही प्लांटच्या मेन्टेनन्समध्ये असा एक तरी असतोच. आमच्या सोसायटीच्या वाट्याला आलेल्याला सगळे ‘रूट कॉजवाले काका’ म्हणतात. लिफ्ट बंद पडली की आपण जिना धरतो. काका लिफ्टसमोर उभे राहून वॉचमनला विचारतात, “बंद पडली ती वर जाताना की खाली येताना?”

अशा माणसाच्या घरात लिनक्स शिरणं अटळ होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ने काकांच्या २०१८ च्या लॅपटॉपला दारातूनच परत पाठवलं. सात वर्षांचं मशीन भंगारात? काकांच्या शॉपमध्ये त्यांच्याही आधी रुजू झालेला प्रेस अजून जॉब काढतो! त्यांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चढवलं, एक पैसा न देता. लॅपटॉप पळू लागला. आणि पंधरा दिवसांत अडकू लागला.

अडकला म्हणजे कसा, तर माउसचा बाण जागच्या जागी, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं, पंखा तेवढा फिरतोय. महिन्यातून दोन-तीनदा. सामान्य माणूस अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरतो, मशीन पुन्हा चालू करतो आणि विसरून जातो. काकांनी घरात आरोळी ठोकली, “कुणी हात लावायचा नाही!”

मग तपास. आधी कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागला-विझला तर मशीन जिवंत आहे, नुसता पडदा गेलाय. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नलनेच हात टेकलेत. काहीच झालं नाही तर सगळंच गोठलंय. काकांचा दिवा कधीच हलला नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री दाबून मागच्या दाराने आत शिरायचा प्रयत्न झाला. तेही दार बंद. शेजारच्या कॉम्प्युटरवरून पिंग मारून पाहिलं, उत्तर नाही. शेवटी बटण. पुन्हा चालू झाल्यावर ‘जर्नल-सीटीएल, उणे बी, उणे एक’ अशी आज्ञा देऊन मागच्या पाळीची नोंदवही उघडायची. त्या नोंदवहीची शेवटची ओळ दर वेळी इतकी निष्पाप, की चीड यावी: ब्लूटूथ सापडलं, चार्जर लागला. पुढे कोरं. मेलेल्यानेच पंचनामा लिहावा ही अपेक्षा मुळात चूक होती, पण ती काका सोडायला तयार नव्हते.

ए-थ्री कागदावर कारणं शोधायचा माशाचा सांगाडा निघाला. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. संशयितांना एकेक करून बोलावणं आलं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मुलीच्या खोडरबरने घासले आणि मेमटेस्ट रात्रभर चालवली. एक चूक नाही. पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावली. मेमरी भरून मशीन गुदमरत असेल म्हणून स्वॅप वाढवला, ‘स्वॅपीनेस’ साठावरून दहावर आणली. एसएसडीची वीजबचत बंद केली. आणि या सगळ्यावर त्यांचा प्लांटमधला नियम: एका वेळी एकच बदल. आता जो आजार महिन्यातून दोन-तीनदा येतो, त्याच्या एका औषधाचा गुण कळायला महिना लागणार. आठवडा शांत गेला, याचा अर्थ शून्य. हे इतकं साधं गणित आहे, पण ‘कालपासून नाही अडकला, म्हणजे सुटला प्रश्न’ असं म्हणणाऱ्यांनीच जग भरलंय, अशी काकांची तक्रार. ती मला पटते.

सल्ले भरपूर आले. चिंचवडच्या एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. खालच्या मजल्यावरचा हिंजवडीचा आयटीवाला म्हणाला, “काका, फॉरमॅट मारून टाका ना.” त्याच्याशी काका दोन दिवस बोलले नाहीत.

प्रत्येक अडकण्याची नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल वर्तुळाने व्हायची, ‘सिलिंडर लावला’च्या शेजारी. माघ संपेपर्यंत वर्तुळांत एक विलक्षण संगती दिसू लागली. बहुतेक सगळी एकादशीला! काका हादरले. भोसरी-चाकणकडे गुरुवारी वीज जाते हे त्यांना माहीत होतं, व्होल्टेजचा चढउतार माहीत होता. पण शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत होणारा बिघाड कुठल्या मॅन्युअलात नव्हता. दोन दिवस ते चंद्राच्या दिशेनेही विचार करत होते, असं काकू सांगतात.

“अहो, चंद्र कशाला? एकादशीला मी आळंदीला नसते का जात?”

“त्याचा काय संबंध?”

“एरवी ओट्याशी सकाळपासून अभंग चालू असतात लॅपटॉपवर. एकादशीला तो रिकामाच बसतो बिचारा.”

काका खुर्चीत बसले. सांगाड्यावर ‘माणूस’ या काट्याशी त्यांनी फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं.

काकूंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला डुलक्या घेतो. सी-झिरो म्हणजे पूर्ण जागा. पुढचा आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ. काही प्रोसेसर त्या गाढ झोपेतून उठतच नाहीत. इंटेलच्या बे ट्रेल चिपा आणि एएमडीचे सुरुवातीचे रायझन, दोन्हींवर लिनक्समध्ये ही तक्रार जगभरच्या लोकांनी नोंदवलेली आहे. लॅपटॉप आपोआप स्लीपमध्ये जायची सोय तर काकांनीच बंद केली होती, अडकताना डोळ्यांनी बघायचं म्हणून! म्हणजे एकादशीला तो दिवसभर चालू, पण बिनकामाचा. यूट्यूबवरचे अभंग एरवी त्याला तितकं गाढ झोपू देत नव्हते. चाकणला मशीन लोड आल्यावर पडतं. लोड काढल्यावर पडणारं मशीन काकांनी प्रथमच पाहिलं.

लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबच्या फाइलमध्ये एक ओळ पडली: कमाल सी-स्टेट, एक. झोपायचं तर भिंतीला टेकून. पुढच्या दोन्ही एकादश्या कोरड्या गेल्या. बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरते, पण लॅपटॉप तसाही ओट्याजवळच्या प्लगला कायमचा बांधलेला.

कोणीही इथे थांबलं असतं. काका नाही, कारण त्यांच्या मते हा तात्पुरता इलाज झाला, मूळ कारण नव्हे. गाढ झोपेतून उठत नाही, पण का उठत नाही? हा चौथा ‘का’. पाचवा बहुधा सिलिकॉनच्या आत, जिथे त्यांचा टेस्टर पोचत नाही. पाच वेळा ‘का’ विचारायची ही पद्धत साकिची टोयोडांच्या नावाने सांगितली जाते आणि आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक प्लांटच्या भिंतीवर टांगलेली असते. पण लाइन थांबली की मिनिटं मोजली जातात. दुसऱ्या ‘का’ला मॅनेजरचा फोन येतो, तिसऱ्याला ग्राहकाचा. मग सेन्सर बदलायचा, लाइन सोडायची आणि कागदावर ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिलं’ लिहून सही करायची. अशा किती कागदांवर काकांची सही आहे, ते त्यांनाच ठाऊक. चौथा ‘का’ विचारायला मोकळीक देणारं मशीन त्यांना नोकरीत मिळालं नाही, घरी मिळालं. माझ्या मते या माणसाला विक्षिप्त म्हणणं हा अन्याय आहे. लिफ्टचं सोडून.

लॅपटॉप ठणठणीत आहे. ए-थ्री कागदावर मात्र ‘स्टेटस: ओपन’ असंच लिहिलेलं आहे. तुमचं मशीन असंच गोठत असेल तर रविवारी दुपारनंतर खुशाल या, काका सोसायटीच्या गेटपर्यंत घ्यायला येतील. फक्त येण्याआधी कॅप्स लॉक दाबून बघा. दाबलं नसेल, तर चहाही मिळणार नाही.