पान पिवळं पडलंय, काय मारू?

जुलै उजाडला की मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एक फोटो फिरू लागतो. तळहातावर सोयाबीनचं तोडलेलं पान, आणि खाली चार शब्द : पिवळं पडलंय, काय मारू? उत्तरं यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एक जण बुरशीनाशक सांगतो, दुसरा कीटकनाशक, तिसरा टॉनिक. चौथा तिन्ही एकत्र करायला सांगतो आणि ‘पंपाला दोन-दोन झाकण’ म्हणून मोकळा होतो. उलट प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. पीक किती दिवसांचं आहे? वरची पानं पिवळी की खालची? रान चिबडलंय का? काही नाही. संध्याकाळपर्यंत फवारणी झालेली असते आणि पैसे गेलेले असतात.

मला याचा संताप येतो. विचारणाऱ्याचा कमी, सांगणाऱ्याचा जास्त. समोरच्याचं रान न समजून घेता औषधाचं नाव फेकण्याचा अधिकार कुणालाच नाही, मग तो दुकानदार असो, पुढारलेला शेतकरी असो की कृषी पदवीधर. आणि विचारणाऱ्यानेही अर्धं सांगून पूर्ण उत्तराची अपेक्षा धरू नये.

सोयाबीनचंच बघा. चुनखडीच्या भारी जमिनीत सामू आठच्या पुढे गेला की लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही. मग शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सलग पाऊस लागून पाणी साचलं, वाफसाच आला नाही, तर मुळं गुदमरतात आणि सखल भागातलं पीक पिवळं पडतं. तणनाशक मारल्यानंतर पीक काही दिवस शॉकमध्ये जातं, विशेषतः जिथे फवारणीचे पट्टे एकमेकांवर आले तिथे. आणि चौथा पिवळा मोझॅक. हा विषाणूजन्य रोग, तो पांढरी माशी पसरवते. पानावर हिरवे-पिवळे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि सुरुवात इकडेतिकडे एखाद-दुसऱ्या झाडापासून होते. 2023 च्या खरिपात याच रोगाने राज्यातल्या सोयाबीनचं मोठं नुकसान केलं.

या चारही रानांतून तोडलेलं एकेक पान घाईत काढलेल्या अंधूक फोटोत सारखंच दिसू शकतं. उपाय मात्र चारही वेगळे. पहिल्या रानाला फेरस सल्फेट किंवा चिलेटेड लोहाची फवारणी. दुसऱ्यात आधी चर काढून पाणी बाहेर घालवायचं, मग बाकीचं. तिसऱ्यात बहुतेक वेळा थांबायचं, पीक आपलं आपण सावरतं. चौथ्यात रोगट झाडं दिसताक्षणी उपटून नष्ट करायची आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा, कारण झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारं औषध बाजारात नाही. यात बुरशीनाशकाची गरज कुठे आली? तरी सर्वांत आधी तेच सुचवलं जातं.

आता हाच प्रश्न असा आला तर बघा : सोयाबीन, पेरणी 22 जून, भारी जमीन, आठवडाभर सतत पाऊस, रानाच्या खालच्या अंगाला पाणी साचलं होतं आणि तिथलीच झाडं पिवळी, वरच्या अंगाचं पीक हिरवंगार, तणनाशक अजून मारलेलं नाही. हे वाचायला दहा सेकंद लागतात आणि उत्तर जवळजवळ त्यातच असतं. असा प्रश्न लिहायला घेतलेल्या माणसाला कित्येकदा लिहितानाच कळून चुकतं की आपल्याला दुकानाकडे नाही, कुदळ घेऊन बांधाकडे जायचंय. नीट विचारायची सवय लागली की निम्मे प्रश्न पाठवावेच लागणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

फोटो काढतानाही पान तोडू नका. तोडलेलं पान झाडावर कुठे होतं हे सांगत नाही, आणि पिवळेपणाच्या निदानात तीच गोष्ट सर्वांत मोलाची असते : नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, लोह कमी पडलं तर वरची कोवळी. म्हणून आधी रान दिसेल असा एक फोटो काढावा. रोग कडेने आहे, मधोमध आहे, पट्ट्याने आहे की विखुरलेला, हे त्यातून कळतं. मग पूर्ण झाड, जमल्यास शेजारच्या निरोगी झाडासकट. मग पानाची खालची बाजू, कारण पांढरी माशी, कोळी, द्राक्षावरच्या डाऊनीची पांढरी बुरशी हे सगळं खालूनच दिसतं. एखादं झाड मुळासकट उपटून मूळ कुजलंय का तेही बघावं. या सगळ्याला फार तर पंधरा मिनिटं जातात. एका चुकीच्या फवारणीला त्याहून कितीतरी जास्त वेळ आणि पैसा जातो.

सांगणाऱ्यांकडे वळतो, कारण खरी जबाबदारी तिथे आहे. डॉक्टर ताप किती, कधीपासून, आधी काय गोळ्या घेतल्या हे विचारल्याशिवाय औषध लिहीत नाही. पिकाचा सल्ला देणाऱ्याने त्याहून कमी का विचारावं? ‘आधी काय मारलंय?’ हा एक प्रश्न जरी सक्तीचा झाला तरी बरंच नुकसान टळेल. कारण आपल्याकडे औषधं ब्रँडच्या नावाने सांगितली जातात. एकच इमिडाक्लोप्रिड कितीतरी कंपन्यांच्या कितीतरी नावांनी विकलं जातं. आठवड्यापूर्वी एका नावाने मारलं, ‘रिझल्ट आला नाही’ म्हणून आज दुसऱ्या नावाने तेच मारलं, असं सर्रास घडतं. बाटली बदलते, आतलं रसायन तेच राहतं, आणि किडीची प्रतिकारशक्ती तेवढी वाढते. उत्तर देणाऱ्याने तांत्रिक नाव सांगितलंच पाहिजे. ते आठवत नसेल तर बाटली हातात घेऊन वाचावं, मग सांगावं.

तीच गोष्ट झाकणाची. शिफारस बहुतेक वेळा दहा लिटर पाण्याला किंवा हेक्टरी दिलेली असते. पाठीवरचे पंप पंधरा, सोळा, वीस लिटरचे. पॉवर पंपाने एकरी पाणी कमी लागतं, त्यामुळे पाण्यातलं औषधाचं प्रमाण वेगळं धरावं लागतं. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळ्या मापाचं. एवढ्या सगळ्यावर ‘दोन झाकण’ हे उत्तर कसं चालवून घेतलं जातं, हेच मला कळत नाही. मिलिलिटरमध्ये सांगा, कोणत्या पंपाला ते सांगा, एकरी पाणी किती ते सांगा. नाहीतर सांगू नका.

हे मी एवढं लावून धरतो त्याचं कारण यवतमाळ आहे. 2017 च्या हंगामात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. डोक्याच्या उंचीची कपाशी, दमट उकाडा, तोंडावर ना मास्क ना हातात मोजे, आणि पंपात दोन-तीन औषधांचं मिश्रण. ‘हे आणि ते एकत्र चालेल का?’ हा प्रश्न आजही रोज विचारला जातो आणि ‘चालतंय, बिनधास्त मारा’ हे उत्तर आजही रोज दिलं जातं. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबतच्या पत्रकात कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि काढणीच्या किती दिवस आधीपर्यंत हे छापलेलं असतं, भले अक्षर भिंगाने वाचावं लागो. ज्या उत्तरात त्रिकोणाचा रंग नाही, प्रतीक्षा काळ नाही, हातमोज्यांचा उल्लेख नाही, ते उत्तर अपुरं समजावं आणि तसं तोंडावर सांगावं.

नीट विचारणं आपल्या शेतकऱ्याला जमत नाही, असं कुणी म्हणू नये. नाशिक-सांगलीकडचा द्राक्ष बागायतदार कसा विचारतो ते ऐका. ‘ऑक्टोबर छाटणीनंतर अडतिसावा दिवस, बाग फुलोऱ्यात, काल पहाटे दव होतं, परवा अमुक घटक मारलाय.’ बागेचं वय तो छाटणीच्या दिवसापासून मोजतो आणि हातात फवारणीची वही असते. ही शिस्त बाजाराने लावली. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली, आणि कुठे, कधी, काय मारलं याची नोंद ठेवणं हा निर्यातदार बागायतदाराच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला. नोंद आली तसे प्रश्न सुधारले, आणि मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना नेमकं उत्तर देणं शक्य झालं. सोयाबीन-कपाशीवाल्याला अशी वही ठेवायला कुणी भाग पाडलं नाही. ती त्याने स्वतःहून ठेवावी. शाळेची जुनी वही चालते.

मोजण्याचंही तसंच. 2008 च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळीने सोयाबीन फस्त केलं, त्यानंतर 2009-10 पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा गाभा साधा : ठरलेल्या शेतात ठरलेल्या दिवशी जायचं, किडी मोजायच्या, आकडा कळवायचा, त्यावरून सल्ला निघतो. गुलाबी बोंडअळीसाठी तर आकडाच ठरलेला आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री सरासरी आठ पतंग, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली, तर फवारणी. त्याखाली नाही. म्हणून ‘बोंडअळी आलीय, काय मारू?’ याला माझ्या लेखी एकच रास्त प्रतिसाद आहे : सापळ्यात किती सापडले? वीस हिरवी बोंडं फोडून बघितली का, त्यांत किती किडलेली निघाली?

काही वेळा फोटो, आकडे, नोंदी सगळं देऊनही उत्तर बांधावर मिळत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात नगर, पुणे, नाशिककडच्या टोमॅटोवर फळं वेडीवाकडी रंगू लागली. मोबाइलवर त्याला ‘तिरंगा’ नाव पडलं, टोमॅटो खाल्ला तर माणसाला बाधा होते अशी आवई उठली आणि दर कोसळले. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा कुकुंबर मोझॅक हा विषाणू सापडला. वनस्पतीचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे ठामपणे सांगायला तेव्हा गावोगावच्या जाणत्यांनी तोंड उघडायला हवं होतं. ‘हे मला ओळखू येत नाही, नमुना पाठवा’ असं म्हणणाऱ्याला मी मोठा सल्लागार मानतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही कृषी विद्यापीठं आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. 2004 पासून किसान कॉल सेंटर आहे; त्याचा 1800-180-1551 हा फुकटचा नंबर सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो, आणि तिथला माणूस मराठीत बोलतो.

आणखी एक राग आहे, तोही सांगून टाकतो. उत्तर मिळालं की विचारणारा गायब होतो. फवारणी लागू पडली का, पीक सावरलं का, की उलट करपलं, काही कळवत नाही. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातला शेतकरी तेच पान घेऊन येतो आणि त्याला तेच ठोकळेबाज नाव मिळतं, कारण मागच्या वेळी ते फसलं होतं हे कुणालाच माहीत नसतं. आठ-दहा दिवसांनी त्याच झाडाचा दुसरा फोटो टाकणं हे उपकार फेडण्यासारखं आहे. आणि फसलं असेल तर आवर्जून टाका, न लाजता. त्याची टिंगल करणाऱ्याला मात्र बाकीच्यांनी तिथल्या तिथे गप्प बसवावं. एकदा टिंगल झालेला शेतकरी पुन्हा विचारत नाही, तो सरळ दुकानात जातो.

शेवटचा मुद्दा बायकांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. निंदणीला, खुरपणीला, वेचणीला रानात दिवसभर वाकून कोण असतं? पानाच्या खालच्या बाजूला काय हलतंय हे आधी कुणाला दिसतं? कोणत्या सरीत सुरुवात झाली, किती दिवस झाले, मधल्या पावसानंतर वाढलं की थांबलं, हे सगळं तिला ठाऊक असतं. प्रश्न मात्र विचारतो घरातला पुरुष, जो कित्येकदा त्या आठवड्यात त्या रानात फिरकलेलाही नसतो. म्हणून फोनवरून सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला, मग तो विद्यापीठातला असो, कृषी खात्यातला असो की दुकानाच्या गल्ल्यावरचा, माझं मागणं आहे : औषधाचं नाव घेण्याआधी विचारा, या आठवड्यात रानात निंदायला कोण होतं? आणि म्हणा, जरा ताईंना फोन द्या.