बंदरातली जहाजं काढा: नवशिक्यांसाठी सोपे धडे

साहित्य: कागद, शिसपेन्सिल, पाणी घालून पातळ केलेली करडी शाई, एक होडी, ती वल्हवणारा माणूस आणि जमल्यास एखादं युद्ध. युद्ध मिळालं नाही तर बंदरावर भागवा.

सगळ्यात आधी बाप नीट निवडा. धाकट्या विलेम फान दे वेल्देनं १६३३ साली हे काम चोख केलं. त्याचा बाप, थोरला विलेम, छोट्या गलबतात बसून डच आरमारामागे थेट लढाईत जायचा. १६६६ची इंग्रजांशी झालेली चार दिवसांची लढाई त्यानं तिथेच बसून कागदावर टिपली. आपल्याकडे चित्रकलेच्या इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड याहून स्वस्तात मिळते.

आता कागदाकडे वळू. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदीत होडी, हे चित्र तुम्ही शाळेत काढलंच असणार. त्यात शीड डावीकडे फुगलेलं आणि झेंडा उजवीकडे फडकणारा. तेव्हा बाईंनी 'छान' दिलं. खलाशी देणार नाही. एका चित्रात वारा एकच ठेवा. नांगरलेली जहाजंही आपल्या मर्जीनं तोंडं फिरवत नाहीत. वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून सगळी एकाच दिशेला उभी राहतात, प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखी.

बंदरात शीड फुगवू नका, जहाज नांगर ओढत निघेल. मग शिडं सोडलेली दिसतात ती कशाला? वाळायला. ओलं कापड गुंडाळून ठेवलं की कुजतं, हे जुलैत घरभर दोऱ्या बांधणाऱ्याला सांगायला नको. धाकट्याच्या निवांत समुद्राच्या चित्रांत शिडं अशीच ढिली लोंबत असतात.

दोरांपाशी मात्र घाम फुटतो. नवशिका इथे कोळिष्टक विणतो. डोलकाठीच्या वरून दोन्ही बाजूंना उतरणारे जाड दोर तिला उभी धरतात. त्यांच्यावर आडव्या बारीक दोऱ्या बांधल्या की खलाशांची शिडी होते. प्रत्येक दोर कुठून निघून कुठे बांधलाय हे माहीत नसेल तर तो काढूच नका. रेषा कितीही सुंदर असो, बघणारा दर्यावर्दी एवढंच म्हणेल, "हा सुटलाय."

डच मालवाहू फ्लाउट काढायचं तर मागून काढा: खाली माठासारखं फुगलेलं, वर निमुळतं. सोपं वाटतं. माझा तिसऱ्या खेपेलाही कांदा झाला.

पोटापाण्याचंही पाहायला हवं. इंग्रजांशी पुन्हा युद्ध चालू असतानाच, १६७२च्या हिवाळ्यात, फान दे वेल्दे बापलेक शत्रूच्या लंडनला गेले. १६७४मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सनं दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड लावून दिले, बापाला लढायांची रेखाटनं करायला आणि मुलाला त्यांत रंग भरायला. कामाला जागा ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये. दोर तेच, झेंडे बदलले.

तुम्हीही ग्रीनिचला, टेम्सच्या काठी बसला असाल तर हात जरा चालवा. सुमारे सहा तासांनी पाणी उलटतं. जहाजं नांगराभोवती गुपचूप वळतात आणि तुमच्यासमोर येते पिछाडी. थोरला एव्हाना जहाजांची नावं कागदावर टिपून पुढच्या कागदावर गेला असता. तुम्ही अजून पहिलीच नाळ खोडताय. असू दे, नवा कागद घ्या.