आरशातली आपलीच गाडी

पुण्यातल्या सिग्नलला उभ्या मोटारींचे आरसे पाहावेत. डावा बहुधा मिटलेला. गल्लीत घासू नये म्हणून मिटला तो मिटलाच. मधल्याला देवाची माळ, मागच्या काचेपाशी उशा. उजवा उघडा, पण त्यात निम्मं स्वतःचंच दार. मालकाला चकचकीत रंग दिसतो, शेजारून घुसणारी स्कूटर नाही.

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्यानं १९९५ साली यावर बिनखर्ची उपाय मांडला. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगला लावायचा तर असा: डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि आपली गाडी जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवायचा. डाव्यासाठी गाडीच्या मध्यावर झुकायचं. सरळ बसलं, की आरशातून आपली गाडी गायब.

इथेच घोडं पेंड खातं. हप्ते भरायचे आणि गाडी बघायचीही नाही?

मग उरतो भोंगा. ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रानं २०१५ मध्ये बंद केलं. हाताची सवय मात्र गेली नाही.

शिवाय पुढच्या काचेलगतचा खांब. वळताना त्याआड अख्खी मोटारसायकल मावते. मान जरा पुढे-मागे केली तर दिसते. पण साहेब मान हलवत नाहीत. करकचून ब्रेक दाबल्यावर काच खाली करतात आणि विचारतात, ‘‘काय हो, कुठून उगवलात?’’